सुट्टी आणि बेगमी : मराठी साहित्यातील उन्हाळ्याचे घर

१

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत ऋतूंचा विचार बहुधा 'वातावरणनिर्मिती' या एका सदरात उरकला जातो. पाऊस आला की कृषिजीवनाचा उल्लेख होतो, सुगी आली की समृद्धीचा आणि उन्हाळा आला की रखरखीतपणाचा. वर्णन प्रभावी आहे की नाही, बोली अस्सल आहे की नाही, एवढा निर्वाळा दिला म्हणजे समीक्षेचे काम पुरे झाले असे मानले जाते. या पद्धतीत एक गोष्ट सातत्याने निसटते. लहान शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने उन्हाळा हा केवळ सोसण्याचा ऋतू नसतो. तो घरातील श्रमांची, नात्यांची आणि भीतीची एक विशिष्ट मांडणी असतो. खळे उठलेले असते, पेरणी अजून दूर असते. शेत रिकामे दिसते, पण घर रिकामे नसते. खानदेश-वऱ्हाडात पऱ्हाट्या उपटायच्या असतात, वखरणी करायची असते, धसकटे वेचायची असतात, उकिरड्यातले खत शेतात न्यायचे असते. कोकणात राब भाजायचा असतो, घर शाकारायचे असते. कुरडया, पापड, शेवया, भरडलेल्या डाळी, वर्षाचे तिखट, वाळलेले सरपण हे सारे मृगापूर्वी घरात यावे लागते. लेकी माहेरी येतात, लग्ने निघतात, आणि याच दिवसांत बियाण्यासाठी कर्ज काढायचे की दागिना गहाण ठेवायचा याचाही निर्णय होतो.

या सर्व खटाटोपाला मराठीत एक नेमका शब्द आहे : बेगमी. बेगमी म्हणजे नुसता साठा नव्हे. जो काळ अजून आलेला नाही आणि जो कसा येईल हे ठाऊक नाही, त्याच्या नावाने आज केलेले काम म्हणजे बेगमी. तिच्यात अपेक्षा आणि धास्ती यांचे सारखेच मिश्रण असते. याउलट शहरी मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात खेड्यातल्या उन्हाळ्याचे जे चित्र आहे त्याला 'सुट्टी' हा शब्द लागू पडतो. सुट्टी म्हणजे शाळेच्या वेळापत्रकाने निर्माण केलेला मोकळा काळ. आणि साहित्यात ती बहुतेक वेळा आठवणीच्या रूपाने येते. सुट्टीचा उन्हाळा मागे पाहतो, बेगमीचा उन्हाळा पुढे पाहतो. घर तेच, अंगण तेच, ऊनही तेच. पण कथनाच्या काळाची दिशा उलटी होते. मराठी साहित्यातील उन्हाळ्याचे घर या दोन दिशांच्या ताणातून वाचले तर ग्रामीण साहित्याविषयीचे काही रूढ निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

या विचाराला दोन सैद्धांतिक आधार घेता येतात, आणि दोहोंच्याही मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात.

मिखाईल बाख्तिनने कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या अभिन्नतेसाठी क्रोनोटोप ही संज्ञा वापरली. मराठीत तिला 'कालावकाश' म्हणता येईल. १९३७-३८ मध्ये लिहिलेल्या आणि १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दीर्घ निबंधात 'आयडिल' म्हणजे गोपजीवनाच्या, सुखचित्राच्या कालावकाशाचा स्वतंत्र विचार आहे. एकाच स्थळाशी बांधलेल्या पिढ्या, जन्म-विवाह-मरण-श्रम-अन्न या मूलभूत घटनांपुरते मर्यादित झालेले आयुष्य, आणि मानवी जीवनाची निसर्गाच्या लयीशी सांगड, ही त्याची लक्षणे बाख्तिन सांगतो. त्याच्या प्रकारांपैकी शेतीश्रमाच्या सुखचित्राला तो विशेष महत्त्व देतो. कारण तेथे माणूस आणि निसर्ग यांचे नाते रूपकापुरते न राहता प्रत्यक्ष कामातून जुळलेले असते. पुढे या सुखचित्राचा विध्वंस हाच युरोपीय कादंबरीचा एक मोठा विषय कसा झाला, हेही त्याने दाखवले आहे.

रेमंड विल्यम्स दुसऱ्या बाजूने येतो. 'द कंट्री अँड द सिटी' या १९७३ मधील ग्रंथात त्याने इंग्रजी ग्रामकाव्याला एक साधा प्रश्न विचारला : या समृद्धीमागचे हात कोठे आहेत? बेन जॉन्सनच्या पेन्सहर्स्टवरील कवितेत मासे, पक्षी आणि फळे जणू आपण होऊन यजमानाच्या पानात येतात. काम करणारा माणूस दृष्टिआड झाला की निसर्ग आपोआप उदार दिसू लागतो, हे विल्यम्सचे निरीक्षण आहे. प्रत्येक पिढीला खरे खेडे आपल्या आधीच्या पिढीपर्यंतच होते असे वाटत असते, हेही त्याने नोंदवले.

बाख्तिनच्या मांडणीत कुटुंब ही एक अखंड वस्तू आहे. कुटुंबाच्या आत कोण राबते आणि कोण विसावते हा प्रश्न तेथे फारसा उभा राहत नाही. विल्यम्स हा प्रश्न विचारतो, पण तो प्रामुख्याने जमीनदार आणि मजूर यांच्यामध्ये. मराठी शेतकरी कुटुंबात हा भेद घराच्या उंबऱ्याच्या आतही असतो. बाप आणि मुलगा, सासू आणि सून, माहेरी आलेली लेक आणि त्याच घरात नांदणारी भावजय यांच्यात विसावा आणि काम यांची वाटणी झालेली असते. उन्हाळ्यात ती सर्वाधिक उघडी पडते. कारण याच ऋतूत काहींना विसावा शक्य असतो.

३

सुट्टीच्या परंपरेचे सर्वपरिचित रूप म्हणजे आगगाडीत बसून मामाच्या गावी जाणाऱ्या मुलांचे ग. दि. माडगूळकरांचे गाणे. त्यातले मामाचे गाव श्रीमंत आहे, मामा उदार आहे आणि भाच्यांना तेथे खाण्यापिण्यावाचून काही काम नाही. बालगीत म्हणून यात खोट काढण्याचे कारण नाही. पण एक योगायोग अर्थपूर्ण आहे. गीतकार माडगूळकर आणि 'बनगरवाडी'कार व्यंकटेश माडगूळकर हे सख्खे भाऊ; दोघांचीही मुळे माणदेशच्या त्याच कोरड्या मातीत. एकाच घरातून मराठीला सुट्टीचे गावही मिळाले आणि पावसाअभावी ओस पडणारे गावही मिळाले. तेव्हा सुट्टीचा उन्हाळा हा लेखकाच्या अज्ञानातून येतो, असे म्हणता येत नाही. तो वाचकवर्गाच्या गरजेतून येतो. गाव सोडून शहरात स्थिरावलेल्या वर्गाला आपल्या मागे सोडलेल्या घराचे एक असे रूप हवे असते की जेथे परतता येईल आणि जेथे परतल्यावर हिशेब द्यावा लागणार नाही.

साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) या परंपरेत कोठे बसते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बेचाळीस रात्रींची चौकट ही उघडच स्मरणाची चौकट आहे. शिकण्यासाठी बाहेर राहणारा श्याम सुट्टीत घरी येतो आणि त्या येण्या-जाण्यातून आईचे दर्शन घडते. पण हे घर उदार मामाचे घर नव्हे. खोतीचा डौल ओसरलेला, कर्ज डोक्यावर, आणि आईच्या कामाला खंड नाही, असे ते घर आहे. म्हणजे सुट्टीच्या चौकटीत बेगमीचे घर आले आहे. मात्र या चौकटीची एक किंमत मोजावी लागते. आईचे श्रम येथे 'संस्कार' होतात. ती जे करते त्याचे मोल मुलाच्या मनावर उमटलेल्या ठशात मोजले जाते; त्या कामाने घर किती दिवस तगले, यात नव्हे. श्रमाचे असे नैतिक उदात्तीकरण झाले की थकवा, चिडचिड, कामाची विषम वाटणी या गोष्टी कथनाच्या कडेला सरकतात. गुरुजींच्या संहितेत त्या पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. पुढील काळात तिच्या अनुकरणातून निर्माण झालेल्या मातृस्मरणांत मात्र त्या पुसल्या गेल्या.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) सुट्टीची ही चौकट आतून मोडते. पांडुरंग सांगवीकर पुण्याहून घरी येतो, पण त्याचे येणे हे परतणे होत नाही. वडिलांच्या पैशावर शिकणारा मुलगा म्हणून तो घरच्या हिशेबात एक खर्चाची बाब आहे आणि घरच्या कामात त्याचे स्थान नाही. आपल्याच घराचा तो प्रेक्षक होतो. धाकट्या मनीच्या मृत्यूच्या वेळी तो घरी नसतो, या एका गोष्टीने सुट्टीच्या कालावकाशातील मोठीच फसवणूक उघडी पडते. घराचे आयुष्य सुट्टीच्या तारखा पाहून घडत नाही. जे घडायचे ते प्रेक्षक नसतानाही घडते. कादंबरीच्या अखेरीस पांडुरंग गावी येऊन राहतो तेव्हा सुट्टी कायमची संपलेली असते; पण बेगमीची दीक्षाही त्याला मिळालेली नसते. या मधल्या, कोठेच न बसणाऱ्या अवस्थेला मराठी कादंबरीत प्रथमच एवढे ठळक रूप मिळाले.

४

ज्या मुलाला सुट्टी म्हणजे अधिक काम, त्याचे कथन आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) येते. दुसऱ्याचा मळा कसणारे, खाणाऱ्या तोंडांनी भरलेले कागलमधील कुटुंब हा या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा विषय. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि ती शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाची प्रेरक कहाणी म्हणून अभ्यासक्रमांत स्थिरावली. हे वाचन चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. कारण 'झोंबी'तील मूळ संघर्ष शाळा आणि अज्ञान यांच्यातील नसून दोन वेळापत्रकांतील आहे. एक शाळेचे, दुसरे पाण्याचे.

मळ्यात पाण्याची पाळी चुकवता येत नाही. मोट चालू असताना एकजण धावेवर बैल हाकतो आणि दुसरा पाटाचे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवतो; दोघांपैकी एक नसेल तर दुसऱ्याचे कामही वाया जाते. उन्हाळ्यात ही गरज तीव्र होते, कारण उसाला पाणी हवे असते आणि विहिरीचा तळ वर आलेला असतो. म्हणून मुलगा हा कुटुंबाच्या दृष्टीने विद्यार्थी नसतो, तो कामाच्या जोडीतला एक हात असतो. शाळेत जायचे तर त्या हाताची जागा कोण घेणार, हा बापाचा प्रश्न क्रूर असला तरी निरर्थक नाही. यादवांच्या कथनाचे सामर्थ्य असे की ते हा प्रश्न निरर्थक ठरवत नाही. ते त्याच्या मागचा दुसरा प्रश्न पुढे आणते. बाप स्वतः कोठे आहे? आपल्याला गावात मोकळे हिंडता यावे म्हणून त्याने पोराला मळ्यात जुंपले आहे, असे मायलेकांचे म्हणणे आहे. म्हणजे या घरातही सुट्टी आहे; ती बापाने घेतलेली आहे आणि मुलाच्या श्रमाने ती भागवली जाते. सुट्टी आणि बेगमी यांच्यातला भेद शहर आणि खेडे यांच्यातला म्हणून सुरू होतो आणि अखेर तो एकाच घरातील दोन माणसांमध्ये येऊन ठेपतो.

आई आणि मुलगा मिळून गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात, आपण आल्याचे सांगू नये अशी विनवणी करतात आणि त्यांच्याकरवी बापाला राजी करतात, हा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. 'श्यामची आई'त वात्सल्य उपदेशातून आणि त्यागातून प्रकट होते. येथे ते कटातून प्रकट होते. मायलेकांचे प्रेम एकमेकांना बोलून दाखवले जात नाही. ते एका संगनमताच्या रूपाने वावरते. आणि जी सवलत मिळते तिलाही अटी आहेत. सकाळी अकरापर्यंत मळ्यात पाणी पाजायचे, मग शाळा, शाळेनंतर गुरे. कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा नाही. घराने मुलाला मुक्त केलेले नाही, त्याचा दिवस नव्याने वाटून घेतला आहे.

या वाटणीतूनच 'झोंबी'तील सर्वांत मोलाची घटना घडते. मराठीच्या मास्तरांमुळे कवितेचा नाद लागलेला मुलगा पाणी पाजताना आणि गुरे राखताना कविता म्हणू लागतो, करू लागतो; कागद नसेल तेव्हा दगडावर आणि म्हशीच्या पाठीवर काडीने अक्षरे काढतो. पूर्वी मळ्यातला एकटेपणा त्याला नकोसा होत असे. आता तोच हवासा होतो. येथे विसावा मिळालेला नाही, काम कमी झालेले नाही. पण कामाच्या काळाला आतून एक पोकळी मिळाली आहे आणि त्या पोकळीत साहित्य शिरले आहे. ग्रामीण साहित्य हे श्रमापासून सुटका झाल्यावर मागे वळून केलेले लेखन असते, या समजाला ही घटना छेद देते. स्मरण पुढे आले. लेखनाचा आरंभ मात्र पाटाच्या कडेला झाला.

तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. 'झोंबी'तील आईचे कष्ट आणि तिची सततची बाळंतपणे वाचकाच्या मनावर खोल परिणाम करतात. पण तिच्या कामाच्या काळाला मुलाच्या कामाला मिळते तशी आतली पोकळी मिळत नाही. बैल हाकणारा पोरगा काय विचार करतो हे कळते. चुलीपुढच्या, गोठ्यातल्या, वाफ्यातल्या बाईच्या मनात त्या वेळी काय चालते हे कळत नाही. हा दोष केवळ एका लेखकाचा नाही. आत्मचरित्रात्मक ग्रामीण कादंबरीचा निवेदक बहुतेक वेळा शिकून बाहेर पडलेला मुलगा असतो, आणि मुलगा घराची बेगमी खातो. ती करणाऱ्या हातांचा आतला काळ त्याला सहसा ठाऊक नसतो.

५

हा आतला काळ मराठीत फार मोठ्या प्रमाणावर कवितेत उतरला आहे आणि त्यासाठी बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्याकडे वळावे लागते. अक्षरओळख नसलेल्या, असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या कवयित्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. समीक्षेने त्यांतील सुभाषितवजा तत्त्वज्ञानावर भर दिला. पण पेरणी, रगडणी, उपणणी, दळण, मोट अशी या कवितांची नावे व विषय ओळीने पाहिले तर ती एका शेतकरी घराच्या वर्षाची नोंदवही आहे, हे ध्यानात येते.

या वर्षात उन्हाळ्याचे केंद्र म्हणजे आखजी. वैशाखातील अक्षय तृतीयेला खानदेशात आखजी म्हणतात. त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात. बहिणाबाईंच्या कवितेत आखजी येते ती या झोक्यांसह आणि खेळांसह. ही बाईची सुट्टी आहे. तिची तारीख शाळेने ठरवलेली नाही, परंपरेने ठरवलेली आहे; शेत दोन कामांच्या मध्ये थांबलेले असते म्हणून ती शक्य होते. मराठी साहित्यातील सुट्टीचे सर्वांत जुने आणि सर्वांत रास्त रूप कदाचित हेच असेल.

पण बहिणाबाई येथे थांबत नाहीत. माहेरच्या ओढीविषयी बोलताना त्या जो विचार मांडतात त्याचा आशय असा की, आई स्वतः सासरी नांदते ती लेकीला माहेर लाभावे म्हणून. एवढ्या थोड्या शब्दांत मावणाऱ्या या विचारात सुट्टी आणि बेगमी यांचे सारे अर्थशास्त्र आहे. एका बाईचे माहेर हे दुसऱ्या बाईचे सासर असते. झोक्यावर बसलेल्या लेकीचा विसावा ज्या घरात घडतो ते घर कोणीतरी राबून उभे ठेवलेले असते, आणि ते राबणारीही कोणाची तरी लेकच असते. विल्यम्सने ग्रामकाव्याला विचारलेला प्रश्न येथे बाहेरून विचारावा लागत नाही; कवितेनेच तो आतून विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही दिले आहे. विशेष असे की हे उत्तर तक्रारीचे नाही. विसावा पाळीपाळीने मिळतो, प्रत्येकीने दुसरीचे माहेर राखायचे असते, अशी ती एक परस्परतेची कल्पना आहे. तिच्यात आज किती तथ्य आहे हा स्वतंत्र प्रश्न. पण श्रम झाकून न ठेवता सुखाचे चित्र काढता येते, याचा तो पुरावा आहे.

आखजीला आणखी एक बाजू आहे आणि ती साहित्यात फार क्वचित दिसते. खानदेशात सालदाराचे साल आखजीला संपते आणि नवे साल त्याच दिवशी ठरते. वर्षाचे धान्य, पैसा, उचल यांची बोली होते. जुना हिशेब चुकता होतो किंवा पुढे ओढला जातो. ज्या दिवशी लेक झोक्यावर असते त्याच दिवशी, त्याच अंगणात, एका माणसाचे पुढील वर्ष ठरत असते. बाख्तिनच्या सुखचित्रात एका स्थळाशी बांधलेल्या पिढ्या असतात. येथे त्याच स्थळाशी केवळ एका सालापुरता बांधलेला माणूसही आहे. तो कुटुंबात जेवतो, कुटुंबाच्या बैलांना जपतो, पण कुटुंबात मोजला जात नाही.

या माणसाला केंद्रस्थानी आणण्याचे काम कोल्हापूरच्या परिसरातून आणि वेगळ्या चालीरीतींच्या पार्श्वभूमीवर यादवांच्याच 'गोतावळा'ने (१९७१) केले. मालकाच्या मळ्यावर राबणारा, एकटा नारबा बोलीत स्वतःचे निवेदन करतो. आणि त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यातील जनावरे. मळ्यात ट्रॅक्टर आल्यावर हा गोतावळा एकेक करून तुटत जातो. 'गोतावळा'ची चर्चा यांत्रिकीकरणाची शोकांतिका म्हणून पुष्कळ झाली. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा वेगळा आहे. नारबाने माणसांच्या नात्यांचे शब्द जनावरांना दिले, कारण ज्या घरासाठी तो बेगमी करतो त्या घराच्या नात्यांत त्याला जागा नाही. त्याच्या दृष्टीने पुढचे वर्ष म्हणजे वासराचे बैल होणे. ट्रॅक्टर आल्यावर मालकाची बेगमी सुटत नाही, ती रूप बदलते. नारबाचा मात्र पुढचा काळच काढून घेतला जातो. कुटुंब या शब्दाची व्याप्ती कोण ठरवतो, हा प्रश्न मराठीत याहून थेटपणे क्वचितच विचारला गेला असेल.

६

बेगमी ही अपेक्षेवर उभी असते. अपेक्षाच ढासळली तर उन्हाळ्याच्या घराचे काय होते? या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ अर्धशतकाच्या अंतराने मराठी कादंबरीने दिली.

'बनगरवाडी'त (१९५५) माणदेशातील धनगरांची वाडी एका तरुण मास्तराच्या डोळ्यांनी दिसते. तो बाहेरून आलेला आहे, पण सुट्टीवर आलेला नाही. नोकरीवर आलेला आहे. त्यामुळे त्याच्या निवेदनात ओढ आहे, पण हळहळ नाही. अखेरीस पाऊस पाठ फिरवतो, मेंढरे मरतात आणि माणसे जगण्यासाठी वाडी सोडून जातात. येथे उन्हाळा संपतच नाही. बेगमीचा ऋतू पावसाने संपायचा असतो; तो न संपल्यामुळे बेगमी ही उपासमारीची पूर्वतयारी ठरते. माडगूळकरांनी या विध्वंसाचा आरोप कोणावर ठेवलेला नाही. वाडी निसर्गावर विसंबून होती आणि निसर्गाने हात आखडला, एवढेच. घरे मोडतात, पण घरातील माणसे एकमेकांवर उलटत नाहीत. विध्वंस बाहेरून येतो, म्हणून त्याला एक गंभीर, जवळपास महाकाव्यात्म शांतता आहे.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) ही शांतता उरलेली नाही. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीतील एकनाथ उच्चशिक्षित आहे, पण नोकरीच्या अभावी तो शेतात परतलेला आहे. म्हणजे तो 'झोंबी'तील मुलाची पुढची, उलटी झालेली पायरी आहे. शिक्षणासाठी घराने जी बेगमी केली ती फळाला आली नाही. आणि ती वाया गेल्याचा हिशेब आता घरातील प्रत्येक जण दुसऱ्याकडे मागतो. बाप मुलाकडे, भाऊ भावाकडे, पत्नी पतीकडे. या कष्टाच्या संसारात मन न रमलेल्या अलकाच्या दृष्टीने माहेर हे आखजीचे माहेर राहिलेले नाही. ते या घरातून बाहेर पडण्याची वाट झाले आहे. बहिणाबाईंच्या कवितेतील परस्परतेचे सूत्र येथे तुटलेले दिसते. संकट ढगांतून येते तसे बाजारभावातून, कर्जातून आणि नोकरीच्या बंद दारांतूनही येते; ते घरात शिरते आणि नात्यांची भाषा बदलते.

शीर्षकही या दृष्टीने बोलके आहे. उत्तर भारतीय लोकपरंपरेतील बारामासा या गीतप्रकारात विरहिणी एकेका महिन्याचे दुःख गाते आणि तिच्या गाण्यातील ऋतू प्रियकराच्या येण्याची वाट पाहतात. तेथेही उन्हाळा असह्य असतो, पण त्याला पुढचा महिना असतो. देशमुखांच्या कादंबरीत बाराही महिने एकाच ऋतूसारखे होतात. पुढच्या महिन्याने काही बदलेल हा भरवसा नाहीसा झाला की वर्षाचे चक्र उरत नाही. उरतो तो केवळ काळ. ग्रामीण कादंबरीत 'ऋतुचक्र' हा शब्द सहजपणे वापरणाऱ्या समीक्षेने या टप्प्यावर थांबून विचार करावयास हवा.

७

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो. साहित्यातील उन्हाळा श्रमांच्या वाटणीच्या नजरेने वाचला तर त्यातील सौंदर्यानुभव हरवत नाही काय? आंब्याची आढी, रात्री अंगणात पडलेली अंथरुणे, पहिल्या वळवाचा वास या गोष्टी केवळ मध्यमवर्गीय हळहळीच्या खाती टाकून मोकळे होणे योग्य ठरेल काय?

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सिद्धांतापेक्षा संहितांनी दिलेले बरे. महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या 'गाथासप्तशती'त एक प्रसिद्ध चित्र आहे. पाणपोईवर आलेला वाटसरू ओंजळीची बोटे विरळ करून पाणी निसटू देतो, म्हणजे पाजणारीकडे अधिक वेळ पाहता येईल. आणि तीही धार बारीक करते. उन्हाळ्याचे याहून सुंदर चित्र शोधूनही सापडणार नाही. पण हे चित्र कशावर उभे आहे? ती पाणी पाजण्याच्या कामावर आहे आणि तो वाटेवर आहे. दोघांनी मिळून कामाचा वेळ थोडा लांबवला, एवढीच ती गोष्ट आहे. म्हशीच्या पाठीवर अक्षरे काढणारा 'झोंबी'तील मुलगा याच कुळातला. आखजीचा झोकाही दोन कामांच्या मधल्या जागेतच बांधलेला असतो. सौंदर्य श्रमाच्या विरुद्ध बाजूला नसते. श्रमाच्या काळात जी फट सापडते तिच्यात ते असते. ती फट दिसण्यासाठी आधी श्रमाचा काळ दिसावा लागतो. सुट्टीच्या परंपरेची अडचण ती सुख दाखवते ही नाही. त्या सुखाला कडा असतात आणि त्या कडा ती पुसून टाकते, ही तिची अडचण आहे.

म्हणून ग्रामीण संहिता वाचताना 'वर्णन अस्सल आहे काय' या प्रश्नाच्या आधी काही साधे प्रश्न विचारावे लागतील. या उन्हाळ्यात घरात कोण आले आहे आणि कोण येथेच होते? विसावा कोणाच्या वाट्याला आला आहे, आणि तो कोणी राबून दिला आहे? हे घर पुढच्या पावसाची वाट पाहते आहे की मागच्या उन्हाळ्याची आठवण काढते आहे? आणि निवेदक या घरचे काय खातो, काय करतो? या प्रश्नांनी वाचल्यास 'प्रादेशिक' म्हणून बाजूला ठेवलेल्या अनेक संहिता कुटुंबसंस्थेच्या संहिता म्हणून समोर येतील.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर, चैत्र-वैशाखाच्या सुमारास परततात. त्यांच्या बाबतीत उन्हाळा हीच घर या शब्दाची मुदत असते. म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली मुले याच दिवसांत आईबापांना भेटतात, लग्ने याच दिवसांत उरकतात, आणि पुढच्या हंगामाची उचलही फार दूर नसते. तेथे सुट्टी आणि बेगमी यांना वेगळे काढणेच अशक्य आहे. एकच ऋतू दोन्हींचा भार वाहतो. या घराच्या उन्हाळ्याला आपला कालावकाश देणारी मोठी कादंबरी जेव्हा वाचकांसमोर येईल, तेव्हा ती वाचण्यासाठी 'रखरखीत वातावरणाचे प्रभावी चित्रण' हे शब्द पुरे पडणार नाहीत. समीक्षेलाही आपली बेगमी आधी करून ठेवावी लागते.